एडक्याच्या पाठीवरचा रंग

पालम

ती. दत्तरावमामांना भाचा मल्हारचा पालमहून गुडघे टेकून दंडवत (काम बी तसंच पडलंय). मामीचा खोकला कसा हाय? शेळ्या व्याल्या का? आमी समदे खुशाल हावोत, फकस्त माझं लगीन तेवढं मरणाच्या दारात हाय.

रेणुकाच्या घराचं आन आमचं वैर एका एडक्यावरून, हे तुमाला ठावंच हाय. पन्नासएक वर्सांमागं पालमच्या जत्रंत टक्कर जिंकलेलं एडकं आमचं, म्हणतेत आबा. आमचं, म्हणतेत तिचे वडील नागनाथराव. आमच्या मेंढरांच्या पाठीवर लाल खूण, त्यांच्या निळी. त्या जत्रंची कुण्या हैदराबादच्या सायबानं काढलेली फिल्म मला मोबाईलवर घावली, पण काळी-पांढरी! खूण दिसती, रंग न्हाई. मग मी एआयला म्हणलं, भर बाबा रंग.

अगं आई गं! त्यानं आपला खडकाळ माळ असा हिरवागार केला, की आई म्हणली, एवढं गवत असतं तर आपुन मेंढरं घेऊन गोदाकाठ कशाला तुडवला असता? मेंढरं गुलाबी, पाटलाच्या मिशा जांभळ्या! हसून हसून माझं पोट दुखाया लागलं. पण एडक्याची खूण निघाली निळी. ती नागनाथरावांना धाडली, तर खुशीत पोरगी द्यायला राजी! इकडं आबा रुसून जेवंनात. पुन्यांदा रंग भरला तर खूण लाल! (यंत्राला काय, मेंढरं थोडीच राखायचीत.) ती आबांना दाखवली. दोन्हीकडं पेढे वाटले, मी हवेत!

आता फजिती ऐका. दोघं बी म्हणायलेत, लग्नात मोठ्या पडद्यावर तीच फिल्म लावायची. पडदा लागला की लगीन मोडलं. लय भेव वाटायलंय मामा. रेणुकाबिगर मला करमायचं न्हाई.

तुमचाच लाडका,
मल्हार

ता. क. यंत्राला लय विनवलं तवा तिसऱ्या खेपंला खूण पिवळी झाली, तुमच्या पिंगळी गावच्या मेंढरांच्या खुणंवानी. पडद्यावर हीच लावतो. तुमी फकस्त उठून म्हणायचं, एडकं आमचं, माझ्या बापानंच धरून आणलतं. दोघं बी चिडतील, पण नवरदेवाच्या मागं उभ्या राहिलेल्या मामाला मांडवात कोण बोलतंय?

आणखी ता. क. आई म्हणती, त्या जत्रंत तुमी तिच्या कडंवर होता आन एडकं बघून भोकाड पसरलतं. फिल्ममधी घावलात. अंगावर चिंधी न्हाई. तेवढा तुकडा मी रंगीत करून येगळा ठेवलाय. तुमी उठून बोललात तर तो कुणाला दाखवायचो न्हाई.