दारातला कडुलिंब

अड्यार, चेन्नई

चि. दर्शन,
मला लागतील तेवढे ठेवून उरलेले आशीर्वाद तुला.

फोनवर तू रडतोस, म्हणून लिहिते. केमोनं गाठ हलली नाही, जिभेची चव तेवढी गेली. नव्या औषधासाठी यादीत नाव आहे. डॉक्टर "थांबा" म्हणतात, थांबतेय. "पॉझिटिव्ह राहा" म्हणणाऱ्या आत्याला माझा नंबर देऊ नकोस.

काल पाडवा. इथल्या फाटकाजवळच्या कडुलिंबाची पानं चावली. काहीच लागलं नाही, नुसता कागद. तिथेच रडू आलं.

आईचे गुडघे कसे आहेत? तिला सांग, मी दोन्ही वेळा जेवते.

आणि गाडी लावायला दारातला कडुलिंब तोडायचा म्हणतोस, त्याला हात लावू नकोस. पुढच्या पाडव्याला त्याचाच पाला खाऊन तोंड वाकडं करायचंय मला.

तुझी चिडकी ताई,
कौमुदी