ओठांची जागा कोरी

३ फेब्रुवारी, सकाळ
हिला जाऊन तीन महिने झाले. रडू अजून आलेलं नाही. येईल, घाई काय आहे.
हिच्या चित्रकलेच्या क्लासच्या बाईंचा फोन. रविवारी प्रदर्शन. हिनं काढलेलं माझं पेन्सिल स्केच लावणार, त्यावर मी पाच मिनिटं बोलायचं. फक्त पाच! जन्मभर सेल्सच्या पोरांना बोलायला शिकवलं. पाच मिनिटं मला घसा खाकरायला लागतात.
संकल्प: रोज तासभर स्केचसमोर मौन.

४ फेब्रुवारी
निरीक्षण केलं. कपाळ भारदस्त. कान हुबेहूब, त्यातल्या केसासकट. (गरज नव्हती.) भुवया चढलेल्या, कुणाला काही पटवून देताना चढतात तशा. नाकाखाली मात्र कोरा कागद. एकदम हनुवटीच. ओठ नाहीत.
लोक म्हणतील, अपुरं. छे! माझं हसू रेषेत मावणार नाही, हे हिनं ओळखलं होतं. केवढी जाण!
मौन बारा मिनिटांत मोडलं. गॅसवाला आला. त्याला सगळं नीट समजावलं. सिलिंडर खांद्यावरच होता त्याच्या.

६ फेब्रुवारी
काल मौन राहून गेलं. उद्यापासून नक्की.
फ्रेमवाल्याला कोऱ्या जागेचं सौंदर्य उलगडून सांगितलं. सगळं ऐकून म्हणाला, काका, काच साधी की न चमकणारी?
घरी येऊन चहा केला. सवयीनं दोन कप. दुसरा ओतून दिला. काही वाटलं नाही.

७ फेब्रुवारी
मुलगी आली. तिला भाषण वाचून दाखवलं. म्हणाली, बाबा, आई तोंड नेहमी शेवटी काढायची, समोरचा गप्प झाला की. तुम्ही गप्प व्हायची वाट बघत बसायची. पेन्सिलला टोक करकरून कंटाळली की उठून भाजी चिरायला घ्यायची.
काहीतरीच! हिला कंटाळा येऊ नये म्हणूनच तर मी बोलायचो. हेही तिला सविस्तर सांगितलं. ती भांडी घासत राहिली.
थिअरी पक्की आहे. फार तर एखादी ओळ बदलेन.

९ फेब्रुवारी, संध्याकाळ
भाषण झालं. म्हणजे, उभा राहिलो.
माईक हातात, समोर स्केच. 'माझी पत्नी' एवढं म्हटलं. पुढचं आलंच नाही. कागद खिशात होता, तो काढायचंही सुचलं नाही. कुणीतरी पाणी आणून दिलं. शेवटी मुलीनं हाताला धरून खाली आणलं.
रिक्षात ती म्हणाली, बाबा, आज आईला तोंड काढता आलं असतं.
 
घरी आल्यावर खुर्ची खिडकीपाशी ओढली. हिला हवी असायची तशी मान जरा डावीकडे करून बसलो. हिची फार आठवण येते आहे.
अंधार पडेपर्यंत हललो नाही, बोललो नाही. मौन जमतंय आता.