उमेश माझ्याच बाजूने आहे

१ फेब्रुवारी

नोटीस बोर्डवर नावं लागली. तीन दऱ्यांची जादूस्पर्धा. आमच्या वाघदरा मंत्रशाळेकडून दोघं: आठवीतली हौशी आणि नववीतला मी, जिवा. अख्खी मेस हसली. हसू दे. बाकी कोणी नाव द्यायला तयारच नव्हतं, म्हणून जिवाचं लागलं, असं माझ्या वर्गातला कमलेश सगळ्यांना सांगत सुटलाय. का नव्हते तयार? घाबरले म्हणून. मी घाबरलो नाही. एवढा साधा फरक यांना कळत नाही.

स्पर्धा धोक्याची आहे हे मान्य. मागे एका मुलाची सावली दरीतच राहिली होती, तो उन्हात फिरायला लाजायचा. पण जिंकणाऱ्याला मोठ्या गुरुआई एक वर देतात. आधी झालेली कुठलीही एक जादू त्या उलटवतात. मी काय मागणार ते उघड आहे. उमेश.

उमेश माझा रूममेट. गेल्या वर्षी स्पर्धेत उतरला आणि ऐन फेरीत कोंबडा झाला. अजून कोंबडाच आहे. हजेरी घेताना आरवतो, रोहिणीबाई हजर लावतात. लोक म्हणतात, त्याच्या मागे उभा राहून मी जोर वाढवायचा मंत्र म्हणत होतो, तो चुकला. पुरावा? मागे काय मी एकटाच उभा होतो? आणि उमेशलाच विचारा ना. रोज रात्री माझ्या खाटेखाली, माझ्याच डालग्यात झोपतो. राग असता तर झोपला असता?

३ फेब्रुवारी, पहाटे

संकल्प: आजपासून रोज पहाटे सराव. उमेश आरवला की उठायचं. रूममेट कोंबडा असण्याचा हा फायदा कोणाच्या लक्षातच येत नाही.

३ फेब्रुवारी, सकाळी, पहिला तास बुडाल्यावर

उमेश वेळेवर आरवला. त्याची चूक नाही. थंडी फार होती.

५ फेब्रुवारी

उमेशची आई, पुतळीमावशी, खोडाळ्याचा बाजार करून आली. नागलीची भाकरी आणली होती. ती कुस्करून उमेशला तळहातावर भरवली. बराच वेळ त्याला मांडीवर घेऊन बसली. मग मला विचारलं, याला थंडी वाजतं का रं?

मी म्हणालो, मावशी, महिन्याच्या आत उमेश स्वतःच्या दोन पायांवर चालत घरी येईल, हा जिवाचा शब्द आहे. (तो आत्ताही दोनच पायांवर चालतो हे नंतर लक्षात आलं.) ती म्हणाली, शब्द ऱ्हाऊ दे. रातचा डालग्यावर दगड ठेव. मुंगूस फिरतंय.

मी स्पर्धेचं बोलतोय आणि ही मुंगसाचं. माझ्यावर कोणाचा विश्वास नसणं मला नवीन नाही.

दगड ठेवला.

८ फेब्रुवारी

रोहिणीबाईंनी स्टाफरूममध्ये बोलावलं. म्हणाल्या, जिवा, माघार घे. यात लाज वाटण्यासारखं काही नाही. तुझी जादूची काठी अजून सरळ चालत नाही. मी म्हणालो, बाई, चूक काठीची आहे, माझी नाही. बाईंनी चष्मा काढून पुसायला घेतला. म्हणजे पटलं.

संध्याकाळी मेसमध्ये काठीची ट्रायल घेतली. डाळीचं पातेलं जागेवर राहिलं, डाळ वर गेली. ती अजून छताला आहे. सगळ्यांनी कोरडा भात खाल्ला आणि आता कोणी माझ्याशी बोलत नाहीये. एकाग्रतेसाठी हे बरंच झालं.

झोपताना उमेशला सरळ विचारलं, माघार घेऊ का? त्याने मान दोनदा इकडून तिकडे हलवली. ‘नाही.’ इतका स्पष्ट सल्ला मला कुठल्याच माणसाने दिलेला नाही.

१२ फेब्रुवारी, सकाळी

पहिली फेरी. डोहातल्या साती आसरांच्या, म्हणजे पाण्यातल्या सात देवतांच्या मधून काळा दगड घेऊन यायचं. प्लॅन: श्वास रोखायचा मंत्र, बुडी, दगड, वर, टाळ्या.

१२ फेब्रुवारी, दुपारी, गोधडीत

मंत्र म्हणायच्या आधीच पाय घसरला. काठावर शेवाळ होतं. आयोजकांचा हलगर्जीपणा, तक्रार करणार आहे.

आसरा एकदा धरतात त्याला सोडत नाहीत, अशी त्यांची ख्याती. मला त्यांनी धरलं, एकमेकींकडे बघितलं आणि काठावर भिरकावून दिलं. हौशी म्हणते त्या हसत होत्या. पाण्याखाली कोण हसतंय आणि कोण रडतंय, हिला काय कळतं? मुद्दा एवढाच की डोहातून सगळ्यात आधी मी बाहेर आलो. हातात दगड नव्हता, ही तांत्रिक बाब.

हौशी दगड घेऊन आली. जव्हारचा रघुही. चौथ्या मुलाला आसरांनी पार दिवस मावळताना सोडलं, तो कोणाशी न बोलता एसटीत बसून घरी गेला. तेव्हा अंतिम फेरीत आम्ही तिघं. आपोआप पोचलो असं कमलेश म्हणतो. याला टिकून राहणं म्हणतात.

१५ फेब्रुवारी

वांगणीहून आईचा फोन. म्हणाली, वाघोबाला नवस केल्याबगर उतरू नको. शिवेवरच्या वाघोबाकडे गेलो. सोबतीला उमेशला काखेत घेतलं, कारण दुसरं कोणी आलं नाही.

शेंदूर लावलेल्या दगडापुढे मूठभर तांदूळ ठेवले, हात जोडले आणि मोठ्याने म्हणालो, वाघोबा, मला जिंकव, कोंबडा देईन. माझा विचार बाजारातल्या कोंबड्याचा होता. पण उमेशला सकाळी दाणे टाकायचे राहिले होते. त्याने काखेतून उडी मारली आणि देवापुढचे तांदूळ टिपले. सगळे.

आमच्याकडे कोंबडा देवापुढे धरून तांदूळ टाकतात. त्याने ते टिपले की देवाने तो कोंबडा पसंत केला. शेंबड्या पोरालाही हे माहीत असतं. मलाही आठवलं. फक्त शेवटचा दाणा संपल्यावर.

१५ फेब्रुवारी, संध्याकाळी

वाघोबाचं सगळं धोंडी भगत बघतो. त्याच्याकडे पळत गेलो. तो म्हणाला, देवानं पसंत केलेला कोंबडा बदलता येत नाय. मी विचारलं, अंडी चालतील? जास्त देतो. तो म्हणाला, मार खाशील. मग मी विचारलं, जिंकल्याबरोबर आधी गुरुआईंकडून उमेशला माणूस करून घेतला तर? म्हणाला, आधी देवाचं, मंग गुरुआईचं.

म्हणजे मी जिंकलो की उमेश कापायचा. हरलो तर नवस लागूच होत नाही, पण उमेश कोंबडाच राहतो.

धोंडीने शेवटी विचारलं, पन तुझ्याच्यानं जिंकणं होनार हाय का? मी म्हणालो, शंभर टक्के. तो हसला नाही, पण तंबाखू मळायचा थांबला.

१६ फेब्रुवारी

निर्णय झाला. हरायचं. मुद्दाम.

माझ्यासारख्याला हे जिंकण्यापेक्षा अवघड आहे, कारण अंगातली विद्या आतून धडका मारणार. पण मी ती दाबून धरीन. सगळे मला नालायक म्हणतील आणि खरं कोणालाच कळणार नाही. वर पुढच्या वर्षी मागू. कोंबडा असून का होईना, उमेश पुढच्या वर्षी असेल तरी.

उमेशला सांगितलं. तो पाठ फिरवून कोपऱ्यात गेला. भरून आलं असणार.

खरं लिहायचं तर आज भीती वाटली. त्याच्याशिवाय या शाळेत मी कोणाशी बोलणार?

२० फेब्रुवारी, सकाळी

शेवटची फेरी. शाळेच्या माळ्यावर बोहाड्याची, म्हणजे गावच्या मुखवट्यांच्या नाचाची, जुनी सोंगं आहेत, देवांचे आणि राक्षसांचे मोठे लाकडी मुखवटे. आज ती जिवंत होऊन नाचत येतात. जो राक्षसाला शांत करील तो जिंकला. माझा प्लॅन: राक्षस समोर आला की काठी खाली टाकायची. बस. यात चुकण्यासारखं काहीच नाही.

वांगणीहून आई आलीये, पायी फाट्यापर्यंत आणि पुढे जीपने. पुतळीमावशी पहिल्या रांगेत, मांडीवर उमेश.

२० फेब्रुवारी, संध्याकाळी

हरलो. ठरल्याप्रमाणे. पुढे गैरसमज नकोत म्हणून तपशील लिहून ठेवतो.

संबळ वाजला, राक्षस आला. लाल तोंड, दात बाहेर, डोळे गरागरा. रघु सरळ जांभळीवर चढला आणि खाली यायला नाही म्हणाला. मग राक्षस माझ्याकडे वळला. काठी टाकायची हीच वेळ होती. तेवढ्यात गर्दीतून आई ओरडली, हान त्याला, जिवा! सगळी शाळा बघत होती. कमलेशही. काठी खाली पडली नाही. माझ्या तोंडून माझा सगळ्यात जबरी मंत्र निघाला, पूर्ण ताकदीने. असं का झालं ते सांगता येत नाही.

मंत्र राक्षसाच्या कानाजवळून गेला आणि मांडवाच्या मधल्या खांबाचा फणस झाला. पिकलेला. मांडव खाली आला. मी त्याच्या खाली.

हौशीने काय केलं? काहीच नाही. आईकडून ताट मागून घेतलं, त्यात दिवा लावला आणि राक्षसाला ओवाळलं. गावी बोहाड्यात सगळ्या बायका प्रत्येक सोंगाला ओवाळतात, तसंच. राक्षस खाली बसला, स्वतःच्या हाताने मुखवटा उतरवून तिच्यापुढे ठेवला. याला जादू म्हणत असतील तर माझी आजीही जादूगार. आणि ताट माझ्या आईचं होतं, हे कोणी बोललं नाही.

गुरुआईंनी विचारलं, काय मागतेस? हौशी म्हणाली, उमेशदादा. ही आयडिया मुळात माझी. क्रेडिट नाही, साधा उल्लेखही नाही.

मांडवाखाली पडल्या पडल्या एक गोष्ट डोक्यात आली. मंत्र नीट लागून मी जिंकलो असतो तर. मावशी समोरच बसली होती. यावर आज लिहीत नाही.

२१ फेब्रुवारी

काल उमेश आईच्या मांडीवरच माणूस झाला. मावशी त्याच्या वजनाने मागे कलंडली तरी त्याला सोडीना. हसत होती की रडत होती, सांगता येत नव्हतं. मी जवळ जाणार होतो, पण अंगावर फणस होता.

आज दुपारी तो मेसमध्ये जेवायला आला. मी त्याच्या शेजारची जागा धरली. मधूनच तो तोंड ताटाकडे नेतो, मग आठवतं आणि हाताने खातो. मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, उमेश, यांना सांग, माघार घेऊ नको असं मला कोणी सांगितलं होतं? हरायचा प्लॅन कोणाला माहीत होता?

तो म्हणाला, मला काय म्हाईत रं? कोंबड्याला काय कळतं? तुझं तोंड हालताना दिसायचं तेवढं. मला वाटायचं, आता दाणं टाकशील.

म्हणजे वर्षभर मी एकटाच बोलत होतो. कोणी नाही म्हणालं नव्हतं, कोणी हो म्हणालं नव्हतं. माझ्या बाजूने कोणी नव्हतंच.

मग त्याने बोटं चाटत विचारलं, पन मला कोंबडा केला कुणी रं? मंत्र मागून आला एवढंच आठवतं.

हौशी ताटात बघत होती. कमलेश तरी तोंड उघडेल असं वाटलं, पण त्यानेही मान खाली घातली. काल आई म्हणाली होती तसं ‘हान’ म्हणायलाही कोणी नव्हतं.

मी म्हणालो, आधी पोटभर जेव. भात वाढला. त्याने खाल्ला. पुन्हा वाढला, वर डाळ घातली, तेही त्याने संपवलं. तिसऱ्यांदा भाताचा डाव घेऊन गेलो तर त्याने ताटावर हात आडवा धरला आणि म्हणाला, बस झालं. आता सांग.