न धुतलेला शर्ट आणि रेफरीची शिट्टी

रविवार संध्याकाळ, बिरवाडी

...तेव्हा एकदा असंच अंगण झाडलं, धुणं भिजवलं, आणि त्यातच ह्यांचा फुटबॉल टीमचा निळा शर्टही बुडवला. त्या दिवशी टीम हरली. आठवडाभर हे म्हणत राहिले, "गो, तू शर्ट धुतलास म्हणून हरलो!" रेफरीला एक शब्द नाही. दोष माझा.

हे देवाघरी गेल्यापासून तो शर्ट धुतलाच नाही. खुंटीवर तसाच आहे. अजून घामाचा वास येतो. की मलाच तसं वाटतं?

आज मॅचमध्ये मात्र कहर झाला. शेवटी शेवटी आपला चांगला गोल झाला आणि रेफरीने शिट्टी मारली. म्हणे ऑफसाइड, आपल्या खेळाडूचा गुडघा पुढे होता. गोल रद्द, आणि आपण हरलो. पेपर वाचून वाचून नियम मलाही कळतात. कुठे होता पुढे? मी ओरडले, "विकला गेलाय मेला!"

मुलगा हसला. "आई, पप्पा पण रेफरीला असं नाय बोलले कधी. पुरावा काय?"

पुरावा? शर्ट तर धुतलेला नव्हता! मग हरलो कोणामुळे? तेव्हा माझ्यावर उगाच आळ घेतला. आता हे भांडण करू कोणाशी?

सोमवार. सकाळी शर्ट धुतला आणि अंगणात वाळत घातला.