अवनीच्या बोलण्याची जागा

धायरी, पुणे
१२ जानेवारी २०२५

चि. उल्का हीस आत्याचे अनेक आशीर्वाद.

फोनवर बोललं तर माझी अवनी ऐकते, म्हणून लिहिते आहे. महिन्यात तिला फिटचे तीन झटके आले. एक तर वर्गात शिकवताना, मुलांसमोर. गोळ्या आता लागू पडत नाहीत. डॉक्टर म्हणतात, झटका जिथे सुरू होतो तेवढा मेंदूचा भाग काढावा. पण तो बोलण्याच्या केंद्राशेजारी आहे की त्यातच, हे तपासण्यांतून कळेना. मास्तरणीची वाचाच गेली तर? ती तयार आहे. माझा हात सहीला धजत नाही. तू मेंदूवर संशोधन करतेस, तर तुझ्या कॉम्प्युटरच्या गणिताचा उपयोग होईल का, असं डॉक्टरांनीच विचारलं. नोकरी कधी धरणार म्हणून मी तुला छळलं, तेवढं विसर.

तुझीच,
मंदाकिनीआत्या

बंगळुरू
२० फेब्रुवारी

ती. आत्यास शि. सा. नमस्कार.

अवनीचे सगळे रिपोर्ट कॉम्प्युटरवर मांडले. एक पेशी वीज कशी सोडते, हजारोंचा घोळका एकमेकींना कसा चेतवतो, आणि ती लाट अख्ख्या मेंदूत कशी पोचते, हे तिन्ही एकत्र बघावं लागतं. मंडईत एका गाळ्यावर भांडण सुरू झालं की सगळी मंडई ओरडू लागते, तसंच हे. आम्ही मूळ गाळा शोधला. तो बोलण्याच्या केंद्रात नाही, दीड सेंटिमीटर खाली आहे. पण आत्या, हे गणित आहे, भविष्य नव्हे. डॉक्टर आत तारा घालून खात्री करतील. मगच सही कर. चूक शोधायला मी चार वेळा बसले. बहीण नसती तर दोनदा बसले असते.

आशीर्वाद असू द्यावा.
उल्का

धायरी, पुणे
२८ एप्रिल

चि. उल्कास खूप खूप आशीर्वाद.

तारांनीही तीच जागा दाखवली. ऑपरेशन झालं. पण पहिले दोन दिवस अवनी नुसती बघत होती. पाणी मागायलाही शब्द सापडेना. सूज आहे, उतरेल, असं डॉक्टर म्हणाले. तुला फोन केला नाही. रागाने काहीतरी बोलून गेले असते. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी मनगट पुढे करून हे काय, असं विचारलं. तिचे ओठ दोनदा जुळले. मग ती म्हणाली, "घड्याळ. आणि तुम्ही पाऊण तास उशिरा आलात."

मी व्हरांड्यात जाऊन पोटभर रडले. तेव्हापासून एकही झटका नाही.

माया आहेच, ती वाढू दे.
मंदाकिनीआत्या

ता. क. : उल्काताई, आईचं पत्र वाचलं. तीन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त केलं आहे. जूनपासून शाळा. – अवनी