डब्याले कान

शनिवार, दिग्रस. दिवेलागणीनंतर.

आज भुलाबाईची गाणी मोठ्या जाऊबाईच्या घरी होती. गाणी झाल्यावर त्यांनी खाऊचा बंद डबा हलवला. आवाजावरून पोरींनी खाऊ ओळखायचा असते. माझी गुड्डी डब्याले कान लावून, डोळे मिटून बसली. "शेव हाय का, मोठी आई?"

बाकीच्या पोरी खो-खो हसल्या. "शंकरपाळे हाय! सकाळीच पाह्यले ना!"

जाऊबाईच्या नऊ वर्षांच्या स्वराचं सोताचं अकाउंट हाय. तिनं शंकरपाळे तळतानाचा व्हिडिओ सकाळीच टाकला होता. सगळ्या पोरींनी आपापल्या आईच्या मोबाइलवर पाहून घेतला होता.

मले असा राग आला! म्हटलं, "बाई, एवढ्याशा लेकरांले अकाउंट कायले पाहिजे?"

जाऊबाई म्हणे, "तुह्या पोटात काहून दुखते वं?"

दुखते. इथं खोटं कायले लिहू? बाजारात अनोळखी बाया मले थांबवून विचारतात, "तुम्ही स्वराच्या काकू ना?" गुड्डीची आई म्हणून कोणी ओळखत नाही.

घरी आली अन् गुड्डीच्या नावानं अकाउंट काढायले बसली. तिचं जन्मसाल टाकलं तर वय कमी म्हणून घेतलंच नाही. मग माझं टाकलं. लगेच झालं.

आता पहिला फोटो कोणता टाकू? डब्याले कान लावून, डोळे मिटलेली गुड्डी. तसा फोटो अख्ख्या दिग्रसात कोणापाशी नसता.

माझ्यापाशीही नाही. तेव्हा मी स्वराच्या व्हिडिओले किती लाइक आले, ते पाहून राह्यली होती.