फोटोतल्या बाईची मालमत्ता

मी, डॉ. मनोरमा शरदचंद्र रसाळ, वय एकसष्ट, राहणार येना, जर्मनी, डोकं पूर्ण ठिकाणावर असताना आणि कुणाच्याही दडपणाखाली नसताना हे लिहिते. डॉक्टरांनी माझी आशा सोडली आहे. मी राग सोडलेला नाही. इथल्या कायद्याला स्वतःच्या हातचं लिहिलेलं पुरतं, साक्षीदार लागत नाहीत. पण सह्या नसल्या तर साताऱ्याच्या नातेवाइकांना हे खरं वाटणार नाही, म्हणून दोघांना बसवलं आहे.

१. दागिने धाकटी बहीण संध्या हिला. त्यावरून तिने जावांशी भांडू नये. प्रेशर कुकर आणि माझी सगळी भिंगं तिचा इथेच राहणारा मुलगा अनिमेष याला.

२. भारतातल्या खेड्यांसाठी देणग्या गोळा करणाऱ्या ज्या फेराइनची, म्हणजे संस्थेची, मी इतकी वर्षं सभासद होते, तिला माझा फ्लॅट मिळणार अशी अध्यक्षा फ्राऊ क्रोयत्सर यांची समजूत आहे. हॉस्पिटलात फुलं घेऊन आल्या त्या त्यासाठीच. त्यांना भिंतीतला खिळाही मिळू नये.

कारण सांगते. दर उन्हाळी मेळाव्याला मला साडी नेसून समोसे करायला सांगत. आमच्या घरी कधी कुणी समोसे केले होते? मी शिकले, केले. कार्यकारिणीवर मात्र कधी घेतलं नाही. एका मेळाव्यात मी झाडाखाली बसून संस्थेची घटना वाचत होते, तेव्हा कुणीतरी फोटो काढला. पुढच्या वर्षी तो देणगीच्या पोस्टरवर: ‘तुमच्यामुळे ती वाचायला शिकली.’ काचेच्या संशोधनात डॉक्टरेट घेतलेली बाई! जाब विचारला तर फ्राऊ क्रोयत्सर म्हणतात, “पण मनोरमा, फोटो किती सुंदर आलाय!” यांची अक्कल काढायची तरी किती? तरी मी गिळलं, कारण पैसे मुलींच्या शाळेला जात होते.

३. गेल्या हिवाळ्यात अनिमेषला ट्रामच्या थांब्यावर टोळभैरवांनी मारलं. ‘तुझ्या देशात चालता हो’ म्हणत जबडा मोडला. वकिलासाठी मी संस्थेकडे गेले. “आल्झो, म्हणजे कसं आहे, आमचं काम तिकडच्या लोकांसाठी आहे, इथल्या नाही,” असं फ्राऊ क्रोयत्सर यांनी मला माझ्याच पोस्टरखाली बसून ऐकवलं. यांना आमची दया येते ती आम्ही लांब असेपर्यंत. थू!

४. वकील मिळवून दिला मोझांबिकच्या जोआनाने. मार खाल्लेल्या, घर नाकारलेल्या परदेशी लोकांसाठी तिने आणि तशाच माणसांनी मिळून रीतसर संस्था काढली आहे. एका दुकानाच्या मागच्या खोलीत बसतात. तिथूनही घरमालक आता काढतोय. माझा फ्लॅट या संस्थेला.

इथे मी अटी लिहिल्या होत्या: हिशेब अनिमेषला दाखवावा, भिंतींचा रंग बदलू नये, बैठकीच्या खोलीला माझं नाव द्यावं. अनिमेषने वाचून विचारलं, “मावशी, तू पण फ्राऊ क्रोयत्सर व्हायला लागलीस की काय?” मेल्याचा जबडा चांगलाच जुळलाय. अटी खोडल्या आहेत. घर त्यांचं, रंगही त्यांचा.

५. पोस्टरमधली हिरवी साडी फ्राऊ क्रोयत्सर यांना. ती नेसून, झाडाखाली बसून, पुढचा फोटो त्यांनी स्वतःचा काढून घ्यावा. समोसेही स्वतःच तळावेत.

६. माझ्या मागे त्या फ्लॅटमध्ये माझा फोटो लावू नये. एकदा लावला होता, तेवढा पुरे.

साक्षीदार: गुरुदत्त पेंढारकर (सही), लतिका पेंढारकर (सही), दोघेही शेजारी

मनोरमा शरदचंद्र रसाळ (सही)
येना, १४ ऑक्टोबर २००६